फीमाफीचा जिताडा

एफ.वाय.ला असताना मी एकवीरेला नवस बोललेले. पास होऊ दे म्हणून नव्हे. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या खिडकीत बसणाऱ्या क्लार्कचं वाटोळं होऊ दे, तुला कोंबडा देईन, असा. चैत्राची यात्रा होती. कार्ल्याच्या पायऱ्या चढताना आमचं सगळं गाव गाणी म्हणत होतं आणि मी मनातल्या मनात त्याचं तोंड नीट आठवत होते. देवीची माणूस ओळखण्यात चूक व्हायला नको.

त्याला मी तेव्हा तोंडावर ‘सर’ म्हणायचे, अहो-जाहो करायचे. इथे करणार नाही.

आमचं घर कल्याणला, खाडीकाठच्या कोळीवाड्यात. वडील खाडीत जाळं लावायचे, आई बाजारात मासळी विकायची. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. वाड्यातल्या काही मुली दहावीपर्यंत पोचल्या होत्या, पण बारावीनंतर कॉलेजात नाव घातलेली मी एकटीच. नाव घातलं ते ईबीसीच्या भरवशावर. घरचं उत्पन्न सरकारने ठरवलेल्या मर्यादेच्या आत असेल तर फी सरकार भरायचं, त्या सवलतीला सगळे ईबीसी म्हणायचे. तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणायचा, अर्जाला जोडायचा, अर्ज कॉलेजने ठाण्याला पाठवायचा, तिकडून मंजूर होऊन आला की फी माफ. कागदावर सगळं सरळ होतं. फक्त अर्ज ठाण्याला पाठवायचा की नाही हे ठरवणारा एक माणूस मध्ये बसला होता.

पहिल्यांदा अर्ज द्यायला गेले तेव्हा तो गोडच बोलला. दाखल्यावरून बोट फिरवत थांबला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“आईचा धंदा मासेविक्री? अरे वा. खाडीतला जिताडा मिळतो का गं तुमच्याकडे? बाजारात सगळा बर्फातला विकतात. चव म्हणून नाही.”

“मिळतो सर. पावसाळ्यात मिळतो.”

“बघ बाई. आखाड संपत आला. श्रावणात आम्ही खात नाही.”

मी घरी येऊन सांगितलं. आई उलट खूश झाली. म्हणाली, “चांगला मानूस दिसते. तोंडाने मागलान, म्हंजे काम करील. न मागनारे वायट.”

त्या रविवारी मी चांगला हातभर लांबीचा जिताडा घेऊन त्याच्या घरी गेले. गावाच्या जुन्या भागात, दुसऱ्या मजल्यावर त्याची जागा होती. बायकोने दार उघडलं, पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, “पुढच्या वेळी साफ करून आण हं. खवल्यांचा फार पसारा होतो.”

पुढच्या वेळी. म्हणजे त्या घरात पुढच्या वेळेचं ठरून गेलं होतं. श्रावण संपला तसे माझे रविवार सुरू झाले. सकाळी मासळी खवलायची, कापायची, डब्यात भरायची आणि त्याच्या दारात उभं राहायचं. कधी जिताडा, कधी बोय, कधी कोळंबी, आणि चिंबोऱ्या असतील तर नांग्या मोडून. आत ये असं मला तिथे कधीच कुणी म्हटलं नाही. रिकामा डबा उंबऱ्यावर परत मिळायचा, तोही न विसळलेला.

दिवाळीनंतर खाडीला काहीतरी झालं. वरच्या अंगाच्या कारखान्यांचं पाणी यायचंच, पण त्या वर्षी पाण्याला वेगळाच रंग आला आणि बोय पोट वर करून काठाला लागायला लागली. वडील जाळं टाकून यायचे आणि जाळ्यात गाळ. शेवटी ते रेतीच्या होडीवर मजुरीला गेले. आई पहाटे मुंबईला धक्क्यावर जाऊन मासळी विकत आणायची आणि कल्याणला विकायची. त्यात चार पैसे सुटायचे, आणि त्या चार पैशांतलाच चांगला तुकडा रविवारी त्याच्याकडे जायचा. आपली मासळी देणं वेगळं. विकत घेऊन फुकट देणं फार वेगळं. आई डबा भरायची तेव्हा तिच्या हाताकडे बघवायचं नाही.

एका रविवारी तिने बोंबील भरले. ताजे होते, चांगले होते, तेवढेच परवडले. त्याच्या बायकोने झाकण उघडलं आणि तिथेच लावलं.

“हे आमच्याकडे मांजरसुद्धा खात नाही,” ती म्हणाली आणि डबा माझ्या हातात दिला.

सोमवारी नोटीस बोर्डावर माझं नाव लागलं. अर्ज त्रुटीत. खिडकीत गेले तर म्हणाला, दाखल्यावरचा शिक्का पुसट आहे. आईने बाजार बुडवून तहसील कचेरीतून नवा दाखला आणला. मग म्हणाला, ह्यात वडिलांच्या नावाची वेलांटी चुकलीय. ती दुरुस्त करून आणली. मग म्हणाला, आता मुदत संपली, पुढच्या वर्षी बघू, ह्या वर्षी पूर्ण फी भरा, नाहीतर हॉल तिकीट मिळणार नाही.

आई म्हणाली, मी येते. मी नको म्हणत होते, तरी आली. बाजारातून सरळ आली, लुगड्यातच, केसात अबोलीची वेणी. ऑफिसात मुलांची रांग होती. तो खुर्चीत मागे सरकला, खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला. रविवारी माझ्या हातून कोळंबी घेणारा माणूस.

“ओ बाई, बाहेर. बाहेर उभ्या राहा. हे ऑफिस आहे, मासळी बाजार नाही.”

रांगेतली मुलं हसली. माझ्या वर्गातली होती त्यांतली काही.

माझी आई म्हणजे सगळ्या बाजारात दबदबा असलेली बाई. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ती असं काही बोलायची की शेजारच्या टोपलीवालीलाही हसू आवरायचं नाही. ती त्या दिवशी हात जोडून मागे मागे सरकली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली. बाहेरूनच म्हणाली, “सायेब, पोरीचा वरीस फुकट जाईल.” त्याने ऐकलं नाही असं दाखवलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

तिच्या हातातल्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. फी भरली, हॉल तिकीट आलं, परीक्षा झाली. नवस मी त्याच दिवसांत बोलले. कुणी म्हणतं काळ गेला की राग निवतो. माझा निवला नाही. मी तो सुकटीसारखा वाळवून ठेवला. कधीही काढावा, वास तसाच.

एस.वाय.ला माझ्या शेजारी एक मुलगी बसायला लागली. तिच्या वडिलांचं कल्याण स्टेशनजवळच्या बोळात शिवणाचं मशीन होतं. एकदा लेक्चरला ती पेंगत होती. विचारलं तर म्हणाली, “काजं-बटणं करत बसलेले गं. शिष्यवृत्तीवाल्या सरांचे शर्ट होते.”

“किती घेता त्यांच्याकडून?”

ती माझ्याकडे बघायला लागली. “घेता? कापडसुद्धा आमचंच. ईबीसी नको का व्हायला?” मग हळूच म्हणाली, “तुम्ही काय देता?”

“मासळी.”

आम्ही दोघी आधी हसलो. मग हसू थांबलं. मधल्या सुट्टीत आम्ही आणखी विचारायला लागलो. शहाडच्या पलीकडच्या गावातला एक मुलगा आमच्या वर्गात होता, घरची भातशेती. तो तांदूळ पोचवत होता, आणि तोही जुना, कारण नव्याचा भात चिकट होतो अशी सरांच्या बायकोची तक्रार. कुणाकडून दूध जात होतं, कुणाचा भाऊ जाऊन पंखा दुरुस्त करून आला होता. ह्या माणसाच्या पानातला भात, त्यावरची आमटीतली मासळी, अंगावरचा शर्ट आणि डोक्यावरचा पंखा, सगळं आमचं होतं. आणि वर्गात त्याचा शिपाई येऊन मोठ्याने वाचायचा, “फीमाफीवाल्यांनी ऑफिसात यावं.” फुकटे आम्ही.

शहाडचा मुलगा म्हणाला, तक्रारअर्ज करू. मी म्हटलं, तो अर्ज कुठल्या खिडकीत देणार?

“मग काय करायचं?”

“त्याला पाहिजे ते द्यायचं,” मी म्हटलं. “सगळ्यांनी. एकाच दिवशी. घरी नाही, त्याच्या टेबलावर.”

दिवाळीनंतर ठाण्याहून शिक्षण खात्याचे अधिकारी तपासणीला यायचे. त्या दिवशी ऑफिस झाडून पुसून लख्ख असायचं, बटाटेवडे मागवलेले असायचे, प्राचार्य स्वतः बसायचे. मी तोच दिवस धरला. बाकीच्यांना तयार करणं सोपं नव्हतं. काही जण घाबरून मागे फिरले, त्यांना मी आजही नावं ठेवत नाही. पण जे राहिले ते पुरेसे होते.

आईला सांगितलं तेव्हा ती कोयत्यावर मासळी कापत होती. “नको बाय,” म्हणाली, “तुजा कालेज जाईल.”

“आय, तू फक्त बाजारात बोलतेस तशी बोल. दुसरं काही करू नकोस.”

तिने उरलेली मासळी कापून संपवली. मग कोयता पुसत म्हणाली, “कुठल्या दिवशी?”

त्या दिवशी अधिकारी टेबलाच्या एका बाजूला, प्राचार्य दुसऱ्या बाजूला आणि तो मध्ये फायली पुढे करत उभा. नवा शर्ट घातला होता. शिंप्याची मुलगी माझ्या कानात म्हणाली, “ह्याची कॉलर मी लावलीय.”

आधी शहाडचा मुलगा गेला. खांद्यावरची गोणी त्याने टेबलाशेजारी धपकन ठेवली. “सर, तांदूळ आणलाय. जुनाच आहे. घरी पोचवू की इथेच राहू दे?”

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “कसला तांदूळ? जा इथून. नंतर ये.”

तोवर शिंप्याची मुलगी मापाची पट्टी सोडत पुढे झाली होती. “सर, पँटचं माप राहिलंय. आता घेऊ का? बाबा म्हणाले, तुमचं पोट मागच्या वेळेपेक्षा वाढलंय.”

अधिकाऱ्यांनी वडा खाली ठेवला. प्राचार्य उठायला लागले. आणि तेवढ्यात दारातून माझी आई आत आली, डोक्यावर पाटी घेऊन. ह्या वेळी ती दारात थांबली नाही. सरळ टेबलापर्यंत आली, पाटी उतरवली आणि भलाथोरला जिताडा दोन्ही हातांनी उचलून त्याच्या उघड्या फाइलीवर ठेवला. पाणी ओघळून टेबलाच्या कडेवरून त्याच्या बुटांवर गळायला लागलं.

“घ्या सायेब, जितारा. गेल्या साली बोंबील परत केलंव, म्हनून यंदा मोठा आनलाय. बघा, दाबून बघा. नेमी बघताव तसा बघा.”

“कोण आहे ही बाई? हिला कुणी आत सोडलं? शिपाई!”

“मी कोन?” आई म्हणाली, आणि तिने आवाज काढला. तो आवाज मी लहानपणापासून ओळखत होते, पण चार भिंतींत कधी ऐकला नव्हता. “वरीसभर माजी मासली गिललीस, आनि मी कोन इचारतस? माज्या घोवाची खारी मेली तवा मी धक्क्यावरशी इकत आनून तुना घातली. माज्या हातान पाटल्या होत्या, त्या कुठं गेल्या इचार! नाकाला फडका लावतस? लाव आता. लाव ना!”

खरंच त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला होता. तो तसाच थांबला.

अधिकाऱ्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही ह्यांना मासळी कशाबद्दल देत होता?”

“पोरीची फी माफ कराला.”

“अहो पण फी तर सरकार माफ करतं.”

“तेच ना. सरकार फी माफ करते, नि ह्यो मासली घेते.”

व्हरांड्यात गर्दी झाली होती. आता बाहेरून आवाज यायला लागले. मी दूध देतो. आम्ही नारळ दिले. माझ्या भावाने पंखा केला. ज्या मुलांनी आदल्या वर्षी रांगेत हसून घेतलं होतं त्यांतलेही दोघे-तिघे ओरडत होते. मी प्राचार्यांकडे बघत होते. त्यांना आजवर काहीच माहीत नव्हतं असं मी मानत नाही. पण त्या घडीला त्यांना स्वतःची खुर्ची वाचवायची होती, आणि भ्यालेला माणूस न्यायी माणसापेक्षा लवकर कामाला लागतो. त्यांनी तिथल्या तिथे त्याच्याकडून कपाटाच्या किल्ल्या मागून घेतल्या. त्याने किल्ल्या टेबलावर ठेवल्या, त्या जिताड्याच्या शेपटीजवळ पडल्या. मला दया आली का? नाही. मी त्याला पोटभर बघून घेतलं.

चौकशी झाली. तो काही महिने निलंबित होता. परत आला तेव्हा त्याला तळमजल्यावरच्या भांडारात बसवलं, खडूचे बॉक्स आणि मोडकी बाकं मोजायला, आणि वेतनवाढ रोखली. माझा त्या वर्षीचा अर्ज ठाण्याहून मंजूर होऊन आला, पुढच्या वर्षीचाही आला. नव्या क्लार्कबाई अर्ज घेताना आमच्या हातांकडे बघायच्याच नाहीत. मात्र पहिल्या वर्षाची भरलेली फी कुणी परत दिली नाही, आणि पाटल्या सोनाराकडेच राहिल्या.

चैत्रात मी कोंबडा घेऊन एकवीरेला गेले. आईला तेव्हा कळलं की नवस कशाचा होता. भर पायऱ्यांवर तिने मला झापलं. “देवीकरं कुनाचा वायट मागतान काय गो? देवीला काय कामं नाय? परत असला बोललीस तर बघ.” मी मान खाली घातली. मला वाटलं, तिच्या लेखी प्रकरण संपलं.

तिच्या लेखी ते सुरूच झालं नव्हतं. देवीला त्रास द्यायचा नाही एवढंच तिचं म्हणणं होतं. बाकीचं ती स्वतः बघणार होती.

एका रविवारी मी तिच्याबरोबर बाजारात बसले होते. तो पिशवी घेऊन आला. आईच्या रांगेला न येता पार दुसऱ्या टोकाला गेला आणि एका म्हातारीपुढे वाकला.

“पापलेट काय भाव?”

“संपली,” म्हातारी म्हणाली.

“ही काय समोर आहेत?”

“ती संपली.”

तो पुढच्या टोपलीकडे गेला. संपली. त्याच्या पुढच्या. संपली. बाजारभर मासळी चकाकत होती आणि प्रत्येक बाई शांतपणे त्याच्याकडे बघून तोच एक शब्द सांगत होती. कुणी शिवी दिली नाही, कुणी हसलं नाही. आई आपल्या गिऱ्हाइकाला सुरमईचे तुकडे करून देत होती, मानही वर न करता. तो रिकामी पिशवी घेऊन गेला.

“आय, हे तू सांगितलंस?”

“मी कशाला सांगू? मी फक्त जाला ता बोलली.”

मग तो डोंबिवलीला जायला लागला. तिथे माझी मावशी बसायची. ठाण्याला नौपाड्यात गेला असेल तर तिथे माझी आत्या होती. कोळणींचं नातं खाडीसारखं असतं, ठाण्यापासून कल्याणपर्यंत पाणी एकच. आईने वर्णन पक्कं पोचवलं होतं. हनुवटीवर मस, खिशाला दोन पेनं, आणि भाव विचारायच्या आधी मासळी दाबून बघतो. आत्या सांगायची, “आलेला गो तुजा सायेब. दाबलान, नि मी त्याच्या हातानशी कारून घेतली.”

वर्षं गेली. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, ठाण्याला शाळेत लागले. नव्वदचं दशक अर्धं सरत आलं होतं तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी तो थेट आईच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. रिटायर झाला होता. केस पांढरे, बायको मागे. माझ्याकडे त्याने बघितलं, ओळखलं आणि नजर आईकडे वळवली.

“बाई,” तो म्हणाला, “मुलीच्या सासरची माणसं जेवायला यायची आहेत. चांगली सुरमई द्या. तुम्ही म्हणाल तो भाव.”

“माज्याकरं नाय.”

“ही समोर आहे ती?”

“ती हाय,” आई म्हणाली. “तुला नाय.”

आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला खालच्या आवाजात अरे-तुरे केलं. तो म्हणाला, “बाई, झालं गेलं. आता किती वर्षं झाली.” त्याची बायको मागून म्हणाली, “चला हो, कशाला तोंडी लागता?” आईने पाण्याचा तांब्या घेतला, सुरमईवर पाणी मारलं आणि त्याच्या पाठीमागच्या गिऱ्हाइकाला बोलावलं. ते दोघं गर्दीतून बाहेर पडेपर्यंत मी बघत होते. पाहुण्यांना त्या दिवशी काय वाढलं असेल, ह्या विचाराने मला आठवडाभर बरं वाटत होतं.

मीच एकदा आईला म्हटलं होतं, आता सोडून दे, म्हातारा झाला तो. मनापासून म्हटलं नव्हतं, शाळेत मुलांना क्षमेचा धडा शिकवून आले होते म्हणून म्हटलं. ती म्हणाली, “मी सोरली तरी बाकीच्या सोरतील काय?” आणि विषय तिथेच राहिला.

पुढे कधीतरी कॉलेजच्या जुन्या शिपायाने मला रस्त्यात सांगितलं की तो कल्याणची जागा विकून बदलापूरला राहायला गेला. मी संध्याकाळी घरी येऊन आईला सांगितलं. ती उद्याच्या पाटीला बर्फ फोडत होती. हात थांबवला, थोडा विचार केला आणि ओट्यावर बसलेल्या शेजारणीला हाक मारली.

“काय गो, बदलापूरच्या बाजारान आपली कोन बसते?”